दोघांच्या मापाचा बाक

"येत्या रविवारी संध्याकाळी तू गावदेवीच्या चढणीवर ऐटीत बाकावर बसलेली असशील. नसलीस, तर शशिकांत नाव लावणार नाही!"

शशिकांतरावांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. विठाबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग काय लावणार?"

रिटायर झाल्यापासून शशिकांतरावांना घोषणा करायचा नाद लागला होता, हे खरं. पण ही घोषणा पोटातून आली होती. खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून विठाबाई रोज संध्याकाळी चढण चढून गावदेवीच्या देवळात जायच्या. देवीला नमस्कार मिनिटभराचा, आणि आवडीशी गप्पा दिवेलागणीपर्यंत! आवडी जुन्या गावातली, शेळ्याबोकडं राखणारी. वालाच्या बिरड्यापासून सुनांच्या स्वभावापर्यंत दोघींचं असं गूळपीठ जमलं होतं की बोलायची सोय नाही. मग विठाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. अर्ध्या चढणीवर दम लागायचा, आणि नीट टेकायला जागा नाही. त्यांनी जाणंच सोडलं. तक्रार मात्र कधी केली नाही. संध्याकाळ झाली की नुसत्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. त्या तशा उभ्या राहिल्या की शशिकांतरावांना टीव्हीवरचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

आता "बायकोसाठी बाक बांधायचाय" असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणता नवरा सांगेल? तुम्ही सांगाल? त्यांनी त्याला "ज्येष्ठ नागरिक सुविधा प्रकल्प" असं भारदस्त नाव दिलं. सेक्रेटरी किर्ती टुणकन उठलीच. "काका, एक नंबर! या संडेला श्रमदान!"

आणि खरोखरच सगळे आले हो! चढणीवरचा कचरा गोळा झाला, झुडपं छाटली गेली, खड्डे बुजले. ज्यांनी घरात कधी झाडू उचलला नव्हता त्यांनी घमेली उचलली. करंजाच्या झाडाखाली विटा रचल्या गेल्या. वर बसवायच्या कडाप्प्याचं काम सुजितकडे होतं, तो फर्निचरची कामं घ्यायचा.

"काका, लांबी किती ठेवू?"

शशिकांतरावांनी माप धाडकन सांगितलं. सांगणारच! आदल्या दुपारी विठाबाईंचा सोफ्यावर डोळा लागला होता, तेव्हा हळूच शेजारी बसून त्यांनी टेप लावली होती. एक ती, एक मी. बास.

"एवढूसा? चार जण तरी बसले पाहिजेत ना!"

"चार जण बसले की राजकारण सुरू होतं! माझं ऐक."

दुपारपर्यंत बाक झाला. गुळगुळीत, देखणा. शशिकांतराव विठाबाईंना आणायला निघणार, तेवढ्यात किर्तीने त्यांना अडवलं. "काका, असं कसं? उद्घाटन नको? फंक्शन नाही केलं तर कुणाला कळणार आपण केलं ते?"

इथे गाडी घसरली. बाकाला लाल रिबीन लागली, झेंडूचा हार लागला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर मधोमध माननीय प्रमुख पाहुणे हात जोडून उभे, त्यांच्या दोन्ही बाजूंना कमिटी. ज्यांच्या डोक्यातून बाक निघाला ते शशिकांतराव खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढे. आपल्याला पाहुण्यांच्या शेजारची जागा मिळेल असं त्यांना उगाचच वाटत होतं.

पाहुणे त्या संध्याकाळी आले नाहीत. "साहेब कर्जतला अडकलेत." सोमवारी साहेबांचा घसा बसला. मंगळवारी "उद्या फिक्स!" झेंडू काळवंडला. सुजितने एक पाटी आणून लावली: "उद्घाटन बाकी आहे. कृपया बसू नये." तरी लोक बसतील म्हणून राखणीच्या पाळ्या लागल्या. पूर्वी तिथे निदान एक वाकडातिकडा दगड होता, लोक त्यावर टेकायचे. तो श्रमदानात उचलला गेला होता! आता गावातली म्हातारी माणसं धापा टाकत चढायची, बाकाशेजारी उभी राहायची, बाकाकडे बघायची आणि तशीच पुढे जायची.

बुधवारी संध्याकाळी पाळी शशिकांतरावांची होती. किर्ती आणि सुजित फ्लेक्सची सुटलेली दोरी बांधत होते. आणि खालून विठाबाई येताना दिसल्या. एकट्या. घोषणेचा रविवार उलटून गेला होता, त्यांनाच राहवलं नव्हतं. तोंड लालबुंद, श्वास फुललेला. बाकापाशी येऊन त्यांनी कडाप्प्यावर हात टेकला, आणि शशिकांतरावांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, बसू नकोस! पाहुणे यायचेत!"

विठाबाईंनी हात काढून घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि वळून हळूहळू उतरू लागल्या. शशिकांतराव मागे धावले, पण विठाबाईंनी आधाराला त्यांचा हातही धरला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात शशिकांतरावांनी बायकोची बोलणी पुष्कळ खाल्ली होती. ती त्यांना पचायची. हे "बरं" घशाखाली उतरेना.

सकाळी चहा मुकाट्याने समोर आला. साखर बेताची, आलं बेताचं, टोमणा एकही नाही! शशिकांतरावांना धडकीच भरली. ते उठले, शिवणाच्या डब्यातली कात्री खिशात घातली आणि "पाहुणे गेले खड्ड्यात!" असं पुटपुटत चढणीला लागले.

बाकावर आवडी बसली होती. शेजारी तिचा बोकड उभा होता. त्याच्या दाढीखाली लाल रिबिनीचं एक टोक लोंबत होतं.

"आवडीबाई! रिबीन!"

"खाल्लान," आवडी शांतपणे म्हणाली. "आदी हार खाल्लान, मंग ती. मी बसले टेकून. कापायला मानूस येत नव्हता ना तुमचा?"

"अहो, पण ती पाटी..."

"मना कुटं वाचता येतं, भावजी? ऱ्हाऊ द्या ते. माजी विठा कुटं हाय? देवलात रोज वाट बगतंय तिची. परवा देवीलाच इचारलं, म्हनलं, रुसली का काय माज्यावर?"

शशिकांतरावांनी तिथल्या तिथे मागे वळून घर गाठलं.

"चल."

"पाहुणे आले?" विठाबाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"आले. उद्घाटनही केलं."

"कोण होते?"

"गावातलेच. दाढीवाले."

"भाषण केलं?"

"नाही. खाण्यातच गुंग होते."

विठाबाई हसल्या नाहीत, पण पायात चपला सरकवल्या. चढणीवर त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. करंजाखाली पोचल्या, बोकडाकडे बघितलं, त्याच्या दाढीकडे बघितलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की आवडीने ओढून बसवलं म्हणून बऱ्या! दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, त्या थांबेचनात.

आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली! किर्ती तबक घेऊन धावली. "काका, रिबीन?" सुजितने बोकडाकडे बोट दाखवलं. पाहुणे मुरलेले गृहस्थ होते. "लोकांनी वापरायला घेतला, यापेक्षा मोठं उद्घाटन कोणतं!" असं म्हणून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "जरा बसायला मिळेल का?"

"जागा नाय," आवडी म्हणाली आणि पुन्हा सुनेच्या गोष्टीकडे वळली.

पाहुण्यांनी उभ्याउभ्याच फोटो काढला आणि ते गेले. शशिकांतरावांचेही पाय आता बोलायला लागले होते. दोनदा चढण झाली होती, वर तीही रिकाम्या पोटी! त्यांनी घसा खाकरला. "विठा, जरा सरकतेस का?"

"कुठे सरकू? एवढंच माप कुणी दिलं?" विठाबाई म्हणाल्या. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी कडाप्प्यावरून हात फिरवला. "अहो, त्या दुपारी सोफ्यावर टेप लावत होतात ना, तेव्हा मी जागीच होते. मला वाटलं, नवीन कव्हर शिवायचंय."

शशिकांतरावांचे कान लाल झाले. विठाबाईंनी पदराने डोळे टिपले, आपल्या पायाशी जमीन झटकली आणि म्हणाल्या, "बसा इथे."

ते बसले. विठाबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर आला. पलीकडून बोकडही आला आणि अगदी खेटून बसला. फ्लेक्सवर हुकलेली प्रमुख पाहुण्यांच्या शेजारची जागा शशिकांतरावांना अखेर मिळाली!