दोस्तीची मॅच आणि वडे-सागोती

मुलगा बघायचा म्हणजे त्याची नोकरी, घरची माड-पोफळी आणि पत्रिका बघायची, एवढंच आमच्या मालवण किनाऱ्यावर तोवर ठाऊक होतं. परशुराम परबांनी मात्र ठरवलं, की सुगंधासाठी सांगून आलेला वेंगुर्ल्याचा मुलगा आपण फुटबॉलच्या मैदानात उभा करून बघायचा. मुलाचं नाव रविकांत. काजूच्या कारखान्यात कारकून, घरी विधवा आई रुक्मिणीबाई, आणि वेंगुर्ल्याच्या बंदरवाडी संघाचा गोलकीपर. स्थळ सुचवलं होतं परशुरामांच्या मेहुण्याने, दत्तारामने. तो वेंगुर्ल्यालाच राहायचा. मामाकडे गेली असताना सुगंधाने रविकांतला दोन-चारदा पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. हे तिच्या आईला, सत्यवतीला, माहीत होतं. परशुरामांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारल्याशिवाय सांगायची सवय होती, विचारायची नव्हती.

परशुराम मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गावी आले ते एक ट्रंक, एक स्टोव्ह, दोन फुटबॉल आणि फुटबॉलवरची अगणित मतं घेऊन. फुटबॉल पहिल्याच वर्षी माडाच्या खुंटावर फाटले, मतं टिकली. मुंबईत ते दर रविवारी कुपरेजच्या मैदानावर मॅच बघायला जात. त्यामुळे वाडीत कसलाही वाद निघाला, की 'कुपरेजवर' एवढा एक शब्द उच्चारून ते तो संपवत. स्वतःचा पाय त्यांनी बॉलला एकदाच लावला होता, तोही अंगणात आलेला बॉल बाहेर काढण्यासाठी. तरीही वाडीच्या संघाचे चिटणीस, शिक्षक आणि मार्गदर्शक तेच होते. भात कापून मळा मोकळा झाला, की त्यांची खुर्ची मेरेवर, म्हणजे मळ्याच्या बांधावर, मांडली जायची आणि मोसम सुरू झाला असं समजायचं.

वेंगुर्ल्याला पौषात चषकाची मोठी स्पर्धा होती. त्याआधी बंदरवाडीच्या संघाला आपल्या मळ्यावर दोस्तीच्या मॅचीला बोलवावं, असं परशुरामांनी सुचवलं, आणि लवूच्या हॉटेलात वादाला तोंड फुटलं. लवू हा परशुरामांचा बाळपणचा सोबती. त्याने उभ्या जन्मात कुपरेज पाहिलं नव्हतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

"दोस्तीच्या मॅचीत काय एक कळणा नाय," लवू चहा गाळत म्हणाला. "चेडू बघूक गेल्यासारख्या ता. पातळ शेजारणीचा, पोहे मावशीन केलेले, आणि नवऱ्याच्या हातातला घड्याळ दोस्ताचा. खरा काय ता लगीन झाल्यावर कळता."

"कुपरेजवर मी आयुष्यभर बघत इलंय," परशुराम म्हणाले. "कप लागलो काय माणूस जपून खेळता. कप नसलो काय जसो आसा तसो खेळता. खरो माणूस दोस्तीतच दिसता."

मग सगळं हॉटेल दोन बाजूंना वाटलं गेलं. एक म्हणे, दोस्तीत सगळे हातचं राखून खेळतात. दुसरा म्हणे, हातचं राखायला आधी हातात काही असावं लागतं. ज्यांनी कधी बॉल उडवला नव्हता ते सर्वांत तावातावाने बोलत होते, आणि संघाचा कप्तान सहदेव एका कोपऱ्यात मुकाट्याने खारी बुडवून खात होता. शेवटी त्यालाच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माका इतक्याच म्हायत आसा, दोस्तीत पाय मोडलो तरी खरोच मोडता." हे मत कुणाच्याच बाजूचं नसल्यामुळे कुणीच विचारात घेतलं नाही.

ठरल्या रविवारी बंदरवाडीची पोरं भल्या सकाळी मचव्यातून उतरली. आता पाहुणा दारात आला म्हणजे त्याला आधी जेवायला घालायचं, मग कामाचं बोलायचं. पाहुण्यांना रिकाम्या पोटी खेळवावं, ही कल्पना आमच्या किनाऱ्यावर शत्रूच्याही डोक्यात येणार नाही. सत्यवतीने आदल्या दिवसापासून वड्यांचं पीठ भिजवलं होतं. परशुरामांच्या मांडवात पंगत बसली. वडे, कोंबडीची सागोती, काळ्या वाटाण्यांची उसळ, सोलकढी. यजमानांनी पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही, म्हणून वाढायला उभी राहिली ती सहदेव आणि त्याची पोरं. सकाळच्या पेजेवर ती मांडवात नुसती धावत होती.

आग्रहाचं खातं परशुरामांनी स्वतःकडे घेतलं होतं. माझ्या मांडवातून अर्धपोटी कुणी उठला नाही, हा त्यांचा दुसरा अभिमान. रविकांतसमोर तर ते ठाण मांडूनच बसले. बिचाऱ्या रविकांतची पंचाईत झाली. समोर होणारे सासरे, वड्यांची परडी घेऊन होणाऱ्या सासूबाई, आणि माजघराच्या दाराआड जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती. 'नको' हा शब्द त्याच्या ओठावर येई आणि वड्याबरोबर परत आत जाई. सुगंधा सोलकढी वाढायला आली तेव्हा हळूच म्हणालीसुद्धा, "पुरे करा आता, मॅच आसा तुमची." परंतु तेवढ्यात परशुरामांनी पानात आणखी दोन वडे टाकले होते.

त्यानंतर मॅच झाली, असं म्हणायचं इतकंच. बंदरवाडीचे दोन गडी सुरुवातीलाच मेरेवर टेकले ते पुन्हा उठलेच नाहीत. रविकांतला पहिला बॉल येताना स्पष्ट दिसला, पण वाकता येईना. दुसऱ्याला त्याने उडी घेतली, तेव्हा फक्त टाचा उचलल्या गेल्या. तिसऱ्यानंतर तो खांबाला टेकून उभा राहिला आणि बॉल आत जाताना त्याच्याकडे खिन्नपणे बघू लागला. सहदेवची पोरं हलक्या अंगाने सुसाट पळत होती. सात गोल झाले, आणि आठवा झाला नाही तो केवळ बॉल शेजारच्या विहिरीत पडल्यामुळे.

मॅच जिंकली म्हणून परशुराम फुगले आणि जावई पडला म्हणून खट्टू झाले. त्या रात्री ओटीवर बसून त्यांनी निकाल दिला.

"जो आपल्या दारातसून सात बॉल सोडता, तेच्या दारात मी माझा चेडू देवचंय नाय."

"बाबा, तुमी तेंका किती वाढलात ता ध्यानात आसा?" सुगंधाने विचारलं. बापासमोर इतकं बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

"मगे? पावण्याक उपाशी ठेवचो? आदरातिथ्य वेगळा, फुटबॉल वेगळो." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. सुगंधा आत गेली आणि चुलीपुढे बसून रडली. सत्यवतीने त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं मिठापुरतं ठेवलं.

दत्तारामकरवी नकार कळवला गेला, कारणासकट. लवूने ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तू जावय बघतंस काय राखणदार?" पण लवूचं ऐकायला आता कुणाला सवड नव्हती. ज्यांना आपण सात गोल मारले ते वेंगुर्ल्याचे, म्हणजे चषक आपलाच, हा हिशेब वाडीने एका दिवसात मांडला. पोरांनी सराव सोडला आणि केसांना तेल जास्त लावायला सुरुवात केली. परशुरामांनी भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. "चषक घेऊन येवक बळ दी गे माये," असं पुजाऱ्याने म्हटलं आणि साऱ्या वाडीने "व्हय म्हाराजा" असा आवाज दिला. परतीच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशेवाल्यांना सांगून ठेवलं गेलं. चषक ठेवण्यासाठी परशुरामांनी घरातला गणपतीचा कोनाडा रंगवून घेतला, तेव्हा मात्र सत्यवतीने मीठ सोडून एक वाक्य जास्त बोलून दाखवलं, ते इथे देण्यासारखं नाही.

स्पर्धेत पहिलीच गाठ बंदरवाडीशी पडली. परशुराम हसले. संघ मचव्यातून वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरला, सोबत लवूही होता, तर समोर दत्ताराम उभा. म्हणाला, रुक्मिणीबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. तुम्ही आमच्या पोरांना इतकं प्रेमाने जेवू घातलंत, त्याची परतफेड नको का करायला? नकार कळवलेल्या घरी जेवायला जायचं परशुरामांना जरा जड गेलं. पण बोलावणं आलेलं टाळायचं कसं? गेले.

अंगणात पंगत मांडलेली होती. वाढायला बंदरवाडीचा संघ उभा, कमरेला पंचे गुंडाळून, आणि सर्वांच्या पुढे रविकांत. पानात वडे आले, सागोती आली. सहदेव आणि पोरं तुटून पडली. परशुरामांनी पहिला वडा मोडला, दुसरा मोडला, आणि तिसऱ्याला हात घालता घालता त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी वाढणाऱ्या पोरांच्या सपाट पोटांकडे बघितलं. मग आपल्या पोरांच्या फुगत चाललेल्या पोटांकडे बघितलं. आणि त्या रविवारचा आपला मांडव त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला.

आता करायचं काय? 'पोरांनो, पुरे, खेळायचं आहे' एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मॅच वाचत होती. पण ते वाक्य म्हणजे त्या सात गोलांवर पाणी सोडणं होतं. ते गोल सहदेवने नाही, सत्यवतीच्या वड्यांनी मारले, हे भरपंगतीत कबूल करणं होतं. मग नकार कशावर दिला, हा प्रश्न यायचा. शेजारी लवू बसला होता आणि त्याने जेवण थांबवून परशुरामांच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली होती. 

"काय ओ, हात कित्याक थांबलो?" रुक्मिणीबाई परडी घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या. "आवडाक नाय काय?"

"छे, छे," परशुराम म्हणाले. "झकास झालेत. पोरांका वाढा आणखी."

हे त्यांनी म्हटलं, आपल्या तोंडाने म्हटलं, आणि लवूने मान खाली घालून वडा उचलला.

बंदरवाडीने नऊ गोल केले. सहदेव अर्ध्या मॅचीतच वाळूत आडवा झाला आणि त्याला ओढून कडेला न्यावं लागलं. दुसऱ्या टोकाला रविकांत बॉलची वाट बघून कंटाळला. अखेर त्याच्याकडे एकच बॉल आला, तो त्याने डावीकडे झेप घेऊन असा धरला, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परशुराम टाळ्या वाजवता वाजवता थांबले. आपण काय दाराबाहेर घालवलं ते त्यांना त्या झेपेत कळलं, आणि चुलीपुढे रडत बसलेली सुगंधा आठवून तिच्या मनातलंही उमगलं. त्यांना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ते एकटेच रुक्मिणीबाईंच्या ओटीवर जाऊन बसले. गळा साफ केला. म्हणाले, दोस्तीच्या मॅचीत माणसाची पारख होत नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत. त्या दिवशीचं काही मनात धरू नये. मुलीच्याही मनात आहे. तरी फिरून विचार व्हावा.

रुक्मिणीबाई सुपारी कातरत होत्या. "चेडू आमका त्याच दिवशी पसंत पडला," त्या म्हणाल्या. "भरल्या मांडवात माझ्या झिलाक पुरे म्हणणारा तां एकच माणूस होता. घराक येवन तेना पयला ताच सांगल्यान. दत्तारामाकडसून तुमचो नकार इलो, मगे मी म्हटलंय, बापाक एकदा बघूया."

"म्हणजे आजच्या जेवणाक..."

"आज तुमका बघूचो कार्यक्रम होतो."

परशुराम जागच्या जागी आक्रसले. पोटातले वडे त्यांना एकेक करून आठवले. शेवटी त्यांनी विचारलं, "मगे? काय दिसला?"

"अकरा झिलांका बुडवलात, पण खरा एक वाक्य तोंडातसून काढूक नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण लगीन काय तुमच्याबरोबर नाय. चेडवाक घेवन येवा, तारीख धरूया."

आनंदाने परशुरामांचे डोळे भरून आले. ते उठायला लागले. त्याच वेळी रविकांत आतून ताट घेऊन आला. दुपारचे वडे उरले होते, गरम करून आणले होते. सोयरीक जुळली, आता तोंड गोड न करता कसं जाणार? वर सागोतीही होती. पोटात तिळाएवढी जागा नव्हती, आणि वधूपिता होऊन नुकतीच काही मिनिटं झाली होती. त्यांनी मोठ्या आशेने रविकांतकडे बघितलं.

"बाबा, नको म्हटलात तरी चालतला," रविकांत हळू आवाजात म्हणाला.

परशुरामांनी तोंड उघडलं. रुक्मिणीबाईंनी सुपारी कातरायची थांबवून वर बघितलं. ओटीच्या पायरीवर लवू येऊन बसला होता, तोही बघत होता.

"वाढ," परशुराम म्हणाले आणि ताट पुढे ओढलं.