चीननीस निंबाजीपंत आणि अकरा नगारे यांची हकिकत

श्रीगणेशास नमन, सरस्वतीस नमन, आणि कानांस विशेष नमन, की त्यांनी आजवर सोसले ते सोसले, हे एक आणखी सोसावे. शके सोळाशे आणि वर काही, संवत्सराच्या नावावर शाई सांडली आहे, आश्विन मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहिले असे.

राज्य समुद्राजवळ, राजवाडा नदीकाठी, महाराज पुण्यप्रतापी, आणि शेजारच्या राज्याने गेंडा पाळिला म्हणोन महाराजांचे चित्त फार उदास जाहले की आपणांकडे ऐसे अपूर्व काय आहे. इतक्यात बंदरी एक चिनी गलबत फुटले आणि त्यातून एक लेखक वाचला, तो गळ्याच्या दुखण्याने मुका जाहला होता, आणि त्याजपाशी रेशमावर लिहिलेली एक कविता होती, चार ओळी, ओळीस पाच अक्षरे, एकूण वीस. दफ्तरात निंबाजीपंत उकिडवे म्हणोन कारकून होते, त्यांनी त्या मुक्यास आपल्या पडवीत ठेविले, आणि तो नदीचे अक्षर काढून नदीकडे बोट दाखवी, आणि बाईचे अक्षर काढून पंतांच्या कुटुंबाकडे बोट दाखवी, आणि कुटुंब आत निघून जाई, आणि पंत शिकत. तीन वर्षांत पंतांस अर्थ सर्व आला आणि उच्चार एकही आला नाही, कारण गुरूपाशीच तो नव्हता. मग गुरू वारला, आणि महाराजांनी पंतांस वस्त्रे देऊन चीननीस, म्हणजे चिनी लिहिण्याचे अधिकारी, केले, आणि शेजारच्या राज्यास लिहून कळविले की गेंडा तुम्हांकडेच राहू द्यावा.

मग कवितेचे मराठी करणे आले. आता त्या कवितेत एक बाई नदीपलीकडे धुणे धोपटते आणि एक नाव पुढे जाते, इतकेच होते. पंतांस हे पक्के ठाऊक होते, परंतु दरबारात परटीण कैसी आणावी ऐसा विचार पडला, आणि पंतांनी परटिणीचा सेनापती केला, आणि दांडक्याचा नगारा केला, आणि एक नगारा शोभेना म्हणोन अकरा केले, आणि नदीस तोफा लाविल्या, आणि वीस अक्षरांच्या तीनशे बारा ओव्या जाहल्या. दर दसऱ्यास त्या दोन प्रहर चालत, सज्ज्याचा गिलावा पडे, सेनापती तुळाजीराव उभे राहून मिशीस पीळ देत, आणि महाराजांच्या डोळ्यांस पाणी येई. पहिल्याच वर्षी महाराजांनी पुसले, मूळ कैसे वाजते ते ऐकवा. पंतांनी सासुरवाडीच्या वीस माणसांची नावे उलटी करून सुरात म्हटली, आणि सभा डोलली, आणि पुढे दर दसऱ्यास तेच चालले. ऐसी बारा वर्षे गेली. त्यात पंत सुखी होते ऐसे नाही, परंतु दसरा वर्षातून एकदाच येतो.

तेराव्या वर्षी ल्यू नामे वृद्ध चिनी सौदागर बंदरी उतरला. तो नावाड्यांत मराठी शिकला होता, त्यामुळे सर्वांस अरेतुरे बोले, आणि वय पाहून लोक सोशीत. महाराजांनी आज्ञा केली की परवा दिवशी दरबारात पाहुण्याने आणि चीननिसांनी ती कविता एकामागून एक म्हणावी. पंत घरी आले आणि पगडीसुद्धा पाटावर बसले.

"ज्वर आला म्हणून कळवतो," पंत म्हणाले.

"वैद्यबुवा नाडी पाहतील," त्यांचे कुटुंब भिकूबाई भाकरी थापता थापता बोलल्या.

"मग काय करू?"

"मी काय सांगू. माझ्या माहेरची वीस माणसे बारा वर्षे दरबारात उलटी टांगली आहेत. त्यांत माझी आत्याबाईसुद्धा आहे. आता एकविसावे तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत पाहुण्याच्या बिऱ्हाडी गेले, दार लावून घेतले, आणि सारे सांगितले, सासुरवाडीही सांगितली, आणि पदर नव्हता म्हणोन उपरणे पसरले. ल्यू पुष्कळ वेळ हसला. मग म्हणाला, "भिऊ नको. आमचा मुलूख मोठा आहे, दर प्रांताची जीभ निराळी. मी सांगेन, हा दुसऱ्या प्रांताचा उच्चार आहे. आण ते रेशीम, बघू तरी कशासाठी मरतो आहेस." आणि त्याने रेशीम हाती घेतले, आणि कविता म्हटली.

मग.

आणि.

येथे बखरीचे काही चालत नाही.

पहिली ओळ सपाट गेली, पाणी जाते तशी. दुसरीत एक अक्षर उचलले गेले आणि एक पडले. तिसरी सरकली. चौथी दुसरीच्याच नादावर संपली, पण लांबून.

पंत म्हणाले, "पुन्हा म्हणा." ल्यूने पुन्हा म्हटली. ऐसे सात वेळा जाहले. ल्यू सांगू लागला, "काही अक्षरे सपाट असतात, पाटावर ठेवल्यासारखी. काही वाकतात. इथे सपाट आले की तिथे वाकडे यावे लागते, नाहीतर कान रुसतो. तू अर्थ आणलास रे, पण हे सारे गलबताबरोबर बुडाले." पंत उठले. त्यांची पगडी वाचली होती, आणि पायरी उतरताना त्यांस असे वाटले की कोणी आपणांस नगाऱ्यात घालून चामडे ताणले आहे.

परवा दिवस आला. दरबार भरला, अकराही नगारे मांडले, तुळाजीराव उभे राहिले. पाहुण्याने कविता म्हटली. महाराज विड्यास चुना लावीत होते, तो लावून होण्याआधी कविता संपली.

"झाले?" महाराज म्हणाले.

"झाले," ल्यू म्हणाला. "याचा उच्चार निराळा असेल, तो प्रांत..."

"पंत, तुम्ही म्हणा."

पंत उभे राहिले. पाहुण्याने वाट करून ठेविली होती, भिकूबाईंच्या काकांपासून प्रारंभ करावयाचा इतकेच काम होते. पंतांनी तोंड उघडले आणि काका बाहेर येईना.

"महाराज," ते म्हणाले, "आजवर म्हणत आलो ती कविता नव्हे. ती माझ्या सासुरवाडीची माणसे. आणि ओव्यांतला नगारा मुळात नाही. मुळात एक बाई धुणे धुते."

तुळाजीराव पुढे आले. "म्हणजे बारा वर्षे आम्ही धुण्यास उभे राहिलो?"

"होय सरकार."

"याची जीभ काढावी."

"थांबा," महाराज म्हणाले. त्यांचा चेहरा लाल जाहला होता. "पंत, मुळात काय आहे तेवढेच बोला. एक शब्द वाढवलात तर तुळाजीराव म्हणतात तैसे होईल."

पंत बोलले, "नदीपलीकडे बाई धुणे धुते. दांडके वर जाते, मग आवाज येतो. माझी नाव पुढे जाते. दांडके दिसत नाही, आवाज येतो."

"आवाज मागाहून कसा येईल?"

पंतांस वाढवण्याची मनाई होती. त्यांनी सज्ज्याकडे पाहिले. महाराजांनी पडदा सारिला. पलीकडे परीटघाट होता, तो तेथे नेहमीच होता, परंतु दसऱ्यास नगारे असत आणि इतर दिवशी राज्यकारभार असे. एक बाई पाण्यात उभी होती. दांडके खाली आले, काही वाजले नाही. दांडके वर गेले, तेव्हा वाजले. पुन्हा तसेच. मग गवताने भरलेली एक होडी मध्ये आली आणि बाई झाकली गेली.

आवाज येत राहिला.

तुळाजीरावांनी पाय बदलला, त्यांच्या तलवारीची साखळी वाजली, आणि महाराजांनी मागे न पाहता हात वर केला. होडी पार जाईपर्यंत कोणी हलले नाही. मग महाराज म्हणाले, "पंत, हे आधी का नाही सांगितले?"

"आधी ऐकले नव्हते."

"वस्त्रे उतरवा. चीननिशी काढली."

पंतांनी पगडी काढून गालिच्यावर ठेविली, शेला ठेविला, आणि मुजरा करून निघाले.

"उद्या यावेळेस येथे येऊन बसावे," महाराज म्हणाले. "रोज बसावे. आम्ही भलतेच ऐकू लागलो तर सांगावे."

दफ्तरदाराने कलम उचलून पुसले, "पंतांचे पद काय लिहू?"

"काही लिहू नका," महाराज म्हणाले.

येणेप्रमाणे हकिकत. पंत सज्ज्यात रोज बसत आणि बोलत नसत. दसऱ्यास नगारे पूर्ववत वाजतात, लोकांस आवडतात. न लिहिण्याची आज्ञा मोडून हे लिहिले असे, आणि वीस अक्षरांत आटोपले नाही, याची लेखकास लाज आहे. वाचणारांनी थोडे थांबावे.