स्वखुशीने गेलेली नोकरी

मी मत्सरी माणूस नाही. मत्सर करायला समोरच्याकडे काहीतरी असावं लागतं, आणि १९८३ च्या उन्हाळ्यात शैलेंद्रकडे साधी नोकरीसुद्धा नव्हती.

डेट्रॉइटजवळ नोव्हायला आम्ही दोघं शेजारी. तो गाड्यांचे हेडलाइट बनवणाऱ्या कारखान्यात होता, मी दारांच्या हँडलच्या कारखान्यात तपासनीस. जपानी माल स्वस्त पडायला लागला, त्याचा कारखाना बंद झाला आणि मी मोठ्या मनाने श्रीखंड घेऊन त्याच्या सांत्वनाला गेलो. तो हाफपँट घालून टोमॅटोंना पाणी घालत होता.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं. परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांसाठी सरकारची खास मदत असते म्हणे. नेहमीचा बेकारीभत्ता संपला तरी दर आठवड्याला चेक येत राहतो, आणि नवीन काही शिकायचं असेल तर फीसुद्धा सरकार भरतं. तो कॉलेजात जाऊन कॉम्प्युटर शिकणार होता. श्रीखंड त्याने दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून माझ्या घरात शांतता उरली नाही. माझी बायको वसुधा रोज नवी बातमी आणायची. शैलेंद्रभावजींना परीक्षेत ए मिळाला. भावजींचं पोट उतरलं. भावजी दुपारी बायकोला, नंदाला, घेऊन तळ्यावर फिरायला जातात. आणि मी? मी रोज सहाशे हँडलं ओढून बघत होतो. सहाशे वेळा दार उघडल्यासारखं करायचं, आणि पलीकडे काही नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडेही झळ पोचली. आमच्या विभागातून एक माणूस कमी होणार, असं सुपरवायझर हँकने सांगितलं. नाव ठरलं होतं आर्लचं. आर्ल जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिला. त्या क्षणी मला त्याची चार मुलं आठवली असं सांगायला मला आवडलं असतं. मला आठवले शैलेंद्रचे टोमॅटो.

मी हँककडे गेलो आणि आर्लच्या जागी मला काढा म्हणालो. हँकने कारण विचारलं. टोमॅटो म्हणता येईना, म्हणून मी म्हणालो, "आर्लला चार मुलं आहेत."

हँक सहा फुटी धिप्पाड माणूस. त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. सहा वर्षं मला नुसतं 'श्री' म्हणणारे लोक माझं पूर्ण नाव श्रीराम आहे हे समजून घ्यायला रांगेत उभे राहिले. केक कापला. आर्लच्या बायकोने येऊन सगळ्यांदेखत मला मिठी मारली. गावच्या पेपरात फोटो आला, त्यात आर्ल अख्खा होता आणि माझा एक कान. मी घाबरून हँकला सुचवलं, की कागदोपत्री साधी कपात दाखवली तरी मला चालेल. तो म्हणाला, छे, जे खरं आहे तेच मी लिहिणार. त्याने स्वतः टाइप करून दीड पानी पत्र दिलं.

ते पत्र घेऊन मी सरकारी ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फार सुंदर पत्र आहे म्हणाल्या. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'श्रीराम यांनी स्वखुशीने नोकरी सोडली.' स्वतःहून सोडणाऱ्याला मदत मिळत नाही, असा नियम होता.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. शैलेंद्र, टोमॅटो, तळं, ए ग्रेड, काही म्हणजे काही लपवलं नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात थोपटला.

"इतका विनयशील माणूस हल्ली बघायला मिळत नाही," त्या म्हणाल्या.

घरी वसुधाने पेपरातलं कात्रण फ्रिजवर लावलं होतं. नागपूरला आईला फोन करून तिने सगळी हकीकत सांगितली होती. आठवडाभरात तिने शैलेंद्रचं नाव घेतलं नव्हतं. जेवण झाल्यावर मी सांगितलं, की आपल्याला मदत मिळणार नाही.

"नसू दे," ती म्हणाली. "तुम्ही काही मदतीसाठी केलं नव्हतंत."

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वसुधाने बेकरीत काम धरलं. सहा आठवड्यांनी मलाही एका हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे हलवण्याचं काम मिळालं, आधीच्या निम्म्या पगारावर.

संक्रांतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने मला उभं करून टाळ्या वाजवल्या. शैलेंद्रने वाजवल्या नाहीत. नंतर पार्किंगमध्ये मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो, तेव्हा तो जवळ येऊन उभा राहिला. सहा महिने रोज दाढी करताना आरशात जे तोंड मला दिसायचं, तेच आता त्याचं झालं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याचीही काच खरवडून दिली.

"लकी आहेस यार," तो म्हणाला. "नंदा रोज तुझं उदाहरण देते. मला काढलं. तू सोडलीस. फरक आहे."

फरक होता खरा. तो दर आठवड्याला पोस्टाने त्याच्या घरी येत होता.