निरोगी गावाचा दवाखाना

जिथे रोगी तिथे दवाखाना, हे तत्त्व इतकं थोर आहे की ते अमलात आणायला आजवर कुणी धजावलं नव्हतं. आरोग्य खात्यातल्या नियोजन अधिकारी साहेबांनी मात्र कंबर कसली आणि ग्रामीण दवाखान्यांच्या जागा ठरवायला कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. (नैसर्गिक बुद्धिमत्तेची पदं बरीच वर्षं रिक्त होती.)

यंत्रानं शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या सगळ्या नोंदी चाळून निकाल दिला. डोंगरावरच्या गावातून एकही रोगी येत नाही. अर्थात गाव शंभर टक्के निरोगी. तिथला नियोजित दवाखाना शहरातल्या मुख्य चौकात हलवावा. (तिथे आधीच सात दवाखाने असल्यामुळे रोग्यांची टंचाई नव्हती.)

साहेबांचा ऊर भरून आला. त्याच गावात त्यांची थोरली बहीण दिली होती. त्यांनी फोन करून तिचं अभिनंदन केलं.

"अभिनंदन कसलं डोंबलाचं? तुझ्या भाऊजींना दोन पावलं टाकली तरी धाप लागतेय."

"यंत्रात तसं काही दिसत नाही, ताई."

"दिसेल कसं? खाली उतरायला रस्ता आहे का आम्हाला?"

साहेबांनी लगेच नियमांची वही उघडली. भाऊजींनीच त्यांना सायकल शिकवली होती. पण नियमात बसेल असा उपाय एकच होता: भाऊजींनी शहरात येऊन रीतसर आजारी पडावं.

गाव कामाला लागलं. भाऊजींना खाटेवर घालून चौघांनी खांदा दिला. (जिवंतपणीच.) आपापली दुखणी आठवून बाकीचेही मागोमाग निघाले: गुडघे, दाढा, मोतीबिंदू आणि एक जुनाट उचकी. दवाखाना गाठेपर्यंत भाऊजींचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावल्यावर रंग परतला, तेव्हा साहेब दाराशी उभे राहून हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून त्यांनी नव्या नोंदी यंत्राला दिल्या.

यंत्रानं क्षणात फेरनिर्णय दिला. गावात रोगी आहेत, हे मान्य. परंतु अत्यवस्थ रोगीसुद्धा शहरात पोचू शकतो, हे आता सिद्ध झालं. सबब गावात दवाखान्याची आवश्यकता नाही.

"आणि वाटेतच कुणी दगावला तर?" साहेबांनी धीर करून विचारलं.

"मृत व्यक्तीस दवाखाना लागत नाही."

शेवटी यंत्राच्या हातापाया पडून साहेबांनी एक सवलत मिळवली: हा सारा प्रकार जनतेपुढे ठेवावा, एकानं जरी हरकत घेतली तरी दवाखाना डोंगरावर जाईल. त्यानुसार तो प्रकार आपणा वाचकांपुढे ठेवला आहे. आपण इथवर वाचलंत, मधूनमधून हसलातही. हरकतीची नोंद नाही. यंत्रानं आपली संमती गृहीत धरली आहे.