स्वतंत्र होण्याची परवानगी

रेयो लाक्सो आठ वर्षं स्वतंत्र व्यावसायिक होता. करारात तसं लिहिलं होतं म्हणून बरं, नाहीतर कॅनडातल्या त्याच्या थंडर बे गावात कुणाला त्याची शंकासुद्धा आली नसती. झुडपं कातरायची यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या माहितीपुस्तिका तो इंग्रजीत लिहायचा. त्यांच्या अकराच्या मीटिंगसाठी हा पहाटे पाचला इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात हजर. शिंक आली तरी सॉरी म्हणायचा, आणि दाढ काढायची झाली तर रजेचा अर्ज करायचा.

सोमवारी कंपनीतल्या ओस्टरकाम्प साहेबांचा फोन आला.

"लाक्सो, भानगड झालीय. आमच्या नव्या वकीलबाई म्हणतात, परदेशातला माणूस वर्षानुवर्षं फक्त आपलंच काम करतो, आपल्याच वेळेत, आपल्याला विचारून. म्हणजे तिकडच्या कायद्याने तो आपला नोकर ठरू शकतो. गुरुवारी त्या तुमच्याशी बोलणार. तुम्ही स्वतंत्र वाटला नाहीत, तर करार बंद."

"सॉरी," रेयो म्हणाला.

"स्वतंत्र कसं वागायचं याच्या बारा सूचना पाठवतोय. तंतोतंत पाळायच्या. रोज संध्याकाळी मला अहवाल द्यायचा."

दुसरा कुणी असता तर फिस्सकन हसला असता. रेयोने सगळं वहीत उतरून घेतलं. त्याला सत्तावन्नावं लागलं होतं, गावातली कागदाची गिरणी त्याला काढून बंद झाली होती, आणि हे काम गेलं तर दुसरं देणारं कुणी नव्हतं. भीती खरी होती. पण भ्यायलेल्या माणसाने इतकं आज्ञाधारक असायलाच हवं का, हा प्रश्न हेल्मीला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नापासून पडलेला होता.

"शुक्रवारी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गाडी तुला चालवायचीय," ती म्हणाली.

"विचारून सांगतो."

"कुणाला? तू स्वतंत्र आहेस ना?"

"गुरुवारपासून होणारे," रेयो म्हणाला.

तयारी जोरात झाली. कंपनीच्या नावाचा कप माळ्यावर गेला. 'वर्षातला उत्तम सहकारी' हे फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, लाकडांच्या मागे. कंपनीचा लॅपटॉप बटाट्यांच्या पोत्याखाली, त्याच्या जागी हेल्मीचा. सहाव्या सूचनेप्रमाणे आणखी एक गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्याने हेल्मीच्या कर्लिंग क्लबचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या मंडळाचं, पत्रक लिहायला घेतलं.

"शेवटची तारीख काय देतेस?" त्याने विचारलं.

"तूच ठरव की!"

बिचारा घामाघूम झाला.

गुरुवारी पडद्यावर वकीलबाई ग्रोथे अवतरल्या. शेजारच्या चौकटीत साहेब.

"कामाच्या वेळा कोण ठरवतं?"

"मीच. मनाला येईल तेव्हा करतो."

"काम नाकारलंय कधी?"

"पुष्कळदा! मागच्याच आठवड्यात. सरळ तोंडावर!" असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला, पण बाईंना तो बाणेदारपणा वाटला.

"दुसरी गिऱ्हाइकं?"

"रांग लागलीय."

चुलीपाशी पॅनकेक उलटणाऱ्या हेल्मीला ठसका लागला. साहेब मात्र स्वतःच्या मुलाने वक्तृत्व स्पर्धा जिंकावी तसे फुलले होते. बाईंनी फाईल मिटली, पेनाला टोपण लावलं. "तुमच्या स्वातंत्र्याबद्दल मला शंका नाही. नमस्कार."

घोडं गंगेत न्हालं होतं. आता गप्प बसून पडदा बंद करायचा, एवढंच. पण जित्याची खोड! एवढे लोक आपल्यासाठी खोळंबले, आणि आपण न विचारता उठायचं? रेयोने हात वर केला.

"सॉरी हं, साहेब, एकच मिनिट. उद्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय. रजा घेऊ का?"

हेल्मीने उलथनं खाली ठेवलं. अजूनही निभावलं असतं. साहेबांनी नुसतं हसून 'मला कशाला विचारता' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण आठ वर्षं हुकूम सोडणारी जीभ, ती थोडीच थांबते!

"उद्या? मुळीच नाही! पुस्तिका पूर्ण झाल्याशिवाय रजा मंजूर होणार नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर दोघांनीही दाखवला होता. दुपारी बाईंचं पत्र आलं. लाक्सो आठ वर्षं कंपनीचे नोकर आहेत, असं धरून चालणंच कंपनीच्या हिताचं आहे. त्यांना असं एका फटक्यात काढता येणार नाही. नियमाप्रमाणे त्यांची आठ वर्षांची भरपगारी रजाही शिल्लक निघते.

हेल्मीने पत्र दोनदा वाचलं आणि नवऱ्याला मिठीच मारली. "अरे, आठ वर्षांची रजा! आता उद्या येतोस ना?"

"येतो ना," रेयो म्हणाला आणि पोत्याखालून लॅपटॉप काढून लिहायला बसला. 'साहेब, सॉरी. माझी आठ वर्षांची रजा शिल्लक आहे म्हणे. त्यातला उद्याचा एक दिवस घेतला तर चालेल का?'

शुक्रवारी गाडी हेल्मीने चालवली. रेयो उत्तराची वाट बघत होता.