सहलीची भारासहित चाचणी

"प्रवासात माणसं फसतात ती नशिबामुळे नव्हे, चाचणी न घेतल्यामुळे!" चहाचा कप बशीच्या बरोबर मध्यभागी ठेवत फोरमनकाकांनी जाहीर केले. "आपली सहल घड्याळासारखी चालेल. कुठे खुट्ट म्हणून वाजणार नाही!"

"खुट्ट वाजलं तरी चालेल, पण सहल निघू दे," काकू म्हणाल्या.

फोरमनकाका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, त्याला बराच काळ लोटला होता. तरी घरातल्या मिक्सरला ते अजून 'यंत्र' म्हणत आणि तो सुरू करण्यापूर्वी सर्वांना मागे सरकून उभे राहायला लावत. नवा कुकर आणला, तेव्हा त्याची पहिली शिट्टी त्यांनी दाराआडून ऐकली होती आणि काकूंनाही ऐकायला लावली होती.

काकूंचे माहेर त्या मोठ्या शहरातले. त्यांच्या लहानपणी तिथे कापड रंगवण्याचे कारखाने होते. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदीला तो रंग! घरातून एकच दम मिळे, "पाण्याला हात लावलास तर याद राख!" पुढे कारखाने बंद पडले, माणसे पांगली आणि शहर दुखणाईतासारखे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता मात्र ते उठून बसले होते. नदी स्वच्छ झाली होती, ओस पडलेल्या गोदामांत चित्रांची दालने आणि पुस्तकांची दुकाने आली होती, आणि नदीतून चक्क नौका फिरू लागल्या होत्या! ही बातमी कानावर आल्यापासून काकूंनी एकच ध्यास घेतला होता. त्या नौकेत बसायचे आणि त्या पाण्यात हात बुडवायचा. घाईलाही कारण होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख येऊन ठेपली होती, आणि त्यानंतर कित्येक महिने घराचा जिना उतरणे हीच काकूंची सहल ठरणार होती.

काकांनी हा बेत मोठ्या हौसेने हाती घेतला, आणि तिथेच माशी शिंकली! हिवाळ्यातली सहल वेळापत्रकाच्या अभ्यासात गेली. उन्हाळ्यातली सहल बॅगांच्या चाकांच्या अभ्यासात गेली. अखेर शस्त्रक्रियेपूर्वीचा शेवटचा शनिवार तेवढा उरला, म्हणून तो ठरला. त्याच्या आधीच्या शनिवारी, दोघांचा प्रवासविमा आदल्या दिवशीच उतरवून, काका सकाळीच अंगात सदरा चढवून सज्ज झाले.

"चल, आज चाचणी!"

"कशाची?"

"सहलीची! क्रेन बसवली की आधी तिला वजन टांगून बघतात, मगच माल उचलतात. आपणही तेच करायचं. घराला कुलूप लावायचं, स्टेशनवर जायचं, गाडीत चढायचं, बॅगा बाकाखाली सरकवायच्या, उतरायचं आणि घरी यायचं."

"अहो, चढल्यावर उतरायचं कशाला?" काकूंनी विचारले. त्या दिवसभरात कोणीही विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता, पण तो काकांच्या चाचणीत बसत नव्हता.

"मग निदान बॅगांत कपडे तरी भरू द्या."

"कपडे? चुरगळतील ना! चाचणीला कुणी खरा माल वापरतं का?"

आणि काकांनी परसातल्या वाफ्याच्या कडेच्या विटा उपसल्या, एकेक वीट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ताणकाट्याला लावून कपड्यांच्या वजनाच्या बरोबर दुप्पट भरतील एवढ्या विटा दोन्ही बॅगांत भरल्या. काकूंनी कपाळाला हात लावला, पण चपला घातल्या. निदान स्टेशनपर्यंत तरी जायला मिळत होते!

स्टेशनवरच्या हमालाने बॅग उचलली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. "काका, आत लोखंड भरलंय काय?"

"छे! लोखंड असतं तर बॅग याहून लहान लागली असती," काकांनी शास्त्रशुद्ध उत्तर दिले.

शहराकडे जाणारी गाडी आली. ही गाडी इथून सुटली की थेट शहरालाच थांबत असे. काका-काकू चढले, बॅगा बाकाखाली गेल्या, काकू खिडकीशी बसल्या. एवढे सारे इतके बिनचूक झाले की काकांना स्वतःचाच हेवा वाटला. आता फक्त उतरायचे राहिले होते. तेवढ्यात तिकीट तपासनीस समोर येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"सर! ओळखलंत का मला?"

"न ओळखायला काय झालं! लेथच्या चकात चावी तशीच विसरून यंत्र सुरू करणारा तो तूच ना?"

"सर, एकदाच विसरलो होतो!"

"एकदाच विसरायचं असतं! दुसऱ्यांदा विसरायला माणूस उरत नाही!" आणि काकांना स्फुरण चढले. चक म्हणजे काम पकडून गरगर फिरवणारा जबडा कसा असतो, त्यातून चावी उडाली तर ती कुठवर जाते, कार्यशाळेच्या छताला ते भोक कशाने पडले, सारे पुराण सुरू झाले. काकूंनी खिडकीतून पाहिले, तर फलाटावरचे दिवे हळूहळू मागे सरकू लागले होते. त्यांनी तोंड उघडले, जरा विचार केला आणि पुन्हा मिटले.

"अगं!" काही वेळाने काकांचे लक्ष गेले. "हा फलाट कुठे चाललाय?"

"फलाट तिथेच आहे हो. आपण चाललोय."

"साखळी ओढ!" काका गरजले.

"सर, धोका नसताना आणीबाणीच्या कळीला हात लावायचा नाही," विद्यार्थी नम्रपणे म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. आणि सर... तिकीट?"

काकांनी खिशातून फलाट तिकीट काढून पुढे केले. विद्यार्थ्याने ते उलटून पाहिले, सुलटून पाहिले आणि मान खाली घातली. "नियम म्हणजे नियम, हेही सर तुम्हीच..."

"फाड पावती!" काका कळवळून म्हणाले. आपण इतके चांगले का शिकवले, असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले.

दुपार कलताना शहराच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकताच काकू लहान मुलीसारख्या थबकल्या. ज्या चौकात पूर्वी धुराने समोरचा माणूस दिसत नसे, तिथे झाडांखाली बाके होती आणि बाकांवर माणसे निवांत बसली होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या धुराड्यावर वेल चढला होता. काकूंचा दुखरा गुडघा अशा झपाट्याने निघाला की काका दोन बॅगा ओढत मागे पडले.

"अगं, हळू! या विटांचं काय करायचं?"

"स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा ना!"

"सामानघरात विटा? लोक वेड्यात काढतील!"

"आणि ओढत फिरलात की शहाण्यात काढतील?"

ओढत-ओढतच दोघे नदीच्या धक्क्यावर पोहोचले. दिवसाची शेवटची नौका उभी होती. पण चढण्यापूर्वी सामानाची तपासणी होती, आणि तपासणीला एक धिप्पाड रक्षकबाई होत्या. त्यांनी बॅग उघडली आणि वर्तमानपत्राचा कागद उलगडला.

"काका, हे काय आहे?"

"विटा."

"विटा?"

"पक्क्या भाजलेल्या. वजन तंतोतंत आहे, काळजी नको."

रक्षकबाईंनी एकदा विटांकडे पाहिले, एकदा काकूंकडे पाहिले आणि एकदा नदीकडे पाहिले.

"नौकेत कोण कोण बसणार?"

"मी आणि ही."

"आणि विटा कुणासाठी?"

"या बॅगेतल्या हिच्या वाट्याच्या. पण आज नुसती चाचणी आहे हो! खरा कार्यक्रम पुढच्या शनिवारी!"

रक्षकबाईंनी काकूंना दंडाला धरून अलगद बाजूला नेले आणि आवाज खाली आणला. "मावशी, घाबरू नका. मोकळेपणानं सांगा. घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक कसलं! लग्न झाल्यापासून सोसतेय," काकू सहज म्हणाल्या.

"पोहता येतं तुम्हाला?"

"छे! पाण्याला बोट लावू दिलं नाही कधी कुणी."

"आज इथे यायचं ठरलं होतं?"

"मुळीच नाही! अंगावरच्या कपड्यांनिशी आले बघा."

"आणि... विमा वगैरे?"

"तर! कालच उतरवला त्यांनी. अशा बाबतीत फार चोख!"

रक्षकबाईंनी शिट्टी वाजवली. नावाडी धावत आला. काकूंच्या फोनवरून ताबडतोब लेकीला फोन लागला, आणि काकांना हायसे वाटले. पोटची पोर, ती तरी खरे सांगेल! तिने खरेच सांगितले.

"आई शहरात? आजच?" लेकीचा आवाज धक्काभर ऐकू गेला. "पण बाबांनी तर पुढचा शनिवार ठरवला होता! आणि विटा ना, हो हो, माहीत आहे. काल मला फोनवर सांगत होते. वजन जमलं का त्यांचं?"

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. रक्षकबाईंनी फोन बंद केला. "काका, तुम्ही इथंच बसा. मावशी, तुम्ही माझ्याबरोबर आत चला. नौका जाऊ दे."

नौका जाऊ दे! हे शब्द ऐकले आणि काकू ताठ उभ्या राहिल्या.

"नौका जाणार नाही!" त्या म्हणाल्या. "माझं लहानपण या नदीकाठी गेलंय. ही लाल पाहिलीय, हिरवी पाहिलीय, आता एकदा पाण्यासारखी पाहायची आहे. पुढच्या महिन्यापासून मी खाटेला खिळणार. आणि बाई, हा माणूस मला बुडवेल असं वाटतं तुम्हाला? बुडवायचं ठरवलंच, तर आधी हा नदीची खोली मोजेल, मग दोरीची ताकद तपासेल, मग तालीम घेईल, मग हिवाळा जाईल, उन्हाळा जाईल, आणि तोवर मी म्हातारपणानं सुखरूप मरेन!"

नावाडी खो-खो हसला. रक्षकबाई हसल्या नाहीत, पण विचारात पडल्या. शेवटी त्यांनी तोडगा काढला. विटा धक्क्यावरच राहतील, काका नौकेत बसतील, आणि काका-काकूंच्या मधोमध त्या स्वतः बसतील!

नौका निघाली. दोन्ही काठांवरच्या गोदामांच्या खिडक्यांत दिवे लागत होते. कुणीतरी वाद्य वाजवत होते, पुलावरून मुले हात हलवत होती. काकू कडेला वाकल्या आणि त्यांनी पाण्यात हात घातला, पार मनगटापर्यंत! पाणी गार होते. हात बाहेर आला, तो हाताच्याच रंगाचा. काकू त्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग नुसत्या हसल्या. हे हसू काकांनी फार दिवसांत पाहिले नव्हते. पुढच्या शनिवारचे मार्ग, वेळा, पर्यायी मार्ग, सारे त्यांच्या डोक्यातून पुसले गेले. हिला इतके दिवस आपण उगाच थांबवले, हे त्यांना लख्ख कळले. मग फोरमनकाकांनी कसलीही चाचणी न घेता, अंतराचा अंदाजही न घेता, काकूंचा ओला हात धरण्यासाठी रक्षकबाईंच्या पाठीमागून आपला हात हळूच सरकवला.

"काका!" रक्षकबाई समोर बघतच कडाडल्या. "हात मांडीवर! दोन्ही! मला दिसतील असे!"