चैतूच्या बांबूची जप्ती

शस्त्राचं ज्ञान ते ज्याच्या हातात असतं त्याला कमीच असतं; ज्याने ते कधी पाहिलेलं नाही, तोच त्यावर अधिकाराने बोलू शकतो. म्हणून ठासणीच्या बंदुकांचा निकाल लावायला नेमलेल्या समितीत बंदूक जवळून पाहिलेला एकही माणूस घेतला नव्हता. (निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.)

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून चैतूचं दीड एकर धान होतं आणि त्याच्या राखणीला बापाच्या वेळची, रीतसर परवान्याची ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, वर चिंध्या, वर छर्रे, मग गजाने ठासायचं. तोवर रानडुक्कर पोट भरून घरी जातं. चैतूने ती अकरा वर्षांत एकदाही उडवली नव्हती. नुसती खांद्याला लावून बांधावर उभा राहायचा आणि डुकरं पळायची. तिचा आकार पाहूनच मत बनवायचं, ही समितीची पद्धत डुकरांनी आधीच अंगीकारली होती.

समितीने आकडे मात्र चोख जमवले. तालुक्यात अशा बंदुका एकोणतीस. पैकी उडणाऱ्या सात. मालकाने ठरवलेल्या वेळी उडणाऱ्या दोन. बारा वर्षांत जखमी डुकरं शून्य, जखमी मालक तीन (एकाच्या पायावर ती नुसती पडली होती). धोका उघड होता. ‘भयप्रद लांबीच्या’ बंदुकांवर बंदी आली.

एका पक्षाने बंदीच्या बाजूने मोर्चा काढला. दुसऱ्याने बंदूक हा भूमिपुत्राचा दागिना आहे म्हणून काढला. दोन्ही मोर्चे वरोऱ्याहून गाड्या भरून आले आणि चैतूच्याच बांधावरून गेले. त्यांनी तुडवलेलं धान डुकरांच्या नावावर लागलं.

चैतूने बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि ती बायकोच्या हातात दिली. धान तेव्हा नुकतंच निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. आणि नव्या धानाचा पंडुम, म्हणजे नवं पीक आधी देवापुढे ठेवून मगच घरात खायचा सण, तोंडावर आला होता.

“नवा धान नाई आला, त देवापुढं काय ठेवू?” रुखमा म्हणाली. “पावती ठेवू का?”

चैतूने मग एक बांबू तोडला, चुलीच्या काजळीने काळा केला आणि खांद्याला लावून उभा राहिला. डुकरं पळाली. तिसऱ्या दिवशी तहसीलचा बाबू प्रफुल आला. तक्रार दोन्ही पक्षांनी केली होती, हा या प्रकरणातला एकमेव सर्वपक्षीय ठराव.

“चैतूभाऊ, काय धरून राह्यले हे?”

“बांबू व्हय, साहेब.”

“नळी दिसून राह्यली न याले!”

“बांबूले नळीच असते, साहेब.”

“तेच त आक्षेपार्ह हाय,” असं म्हणून प्रफुलने लिहून घेतलं. लांबी चार फूट दोन इंच, पेरं पाच, रंग काळा, हेतू संशयास्पद. बांबू सीलबंद होऊन बंदुकीशेजारी जाऊन बसला.

चैतू रिकाम्या हातांनीच नेम धरून उभा राहू लागला. डुकरं तरीही पळाली (त्यांच्यापर्यंत परिपत्रक पोचलं नसावं). प्रफुल पुन्हा आला. या वेळी गुन्हा होता ‘शस्त्राविना शस्त्रधारकासारखे उभे राहणे’.

“मंग उभा कसा राहू, साहेब?”

प्रफुलने बंदीच्या आदेशाचं परिशिष्ट चाळलं. माणूस वाईट नव्हता. “हात खाली सोडून राहा. अन् एक डोळा मिटाचा नाई. दोन्ही मिटले त चालते.”

चैतू हात खाली सोडून उभा राहिला. डुकरं आली, जरा थबकली आणि त्याच्या पायाजवळूनच धानात शिरली. बापाने ज्या बांधावर बंदूक हातात दिली, त्याच बांधावर त्याला रडू कोसळलं. रडण्याबद्दल परिशिष्टात काही नव्हतं, म्हणून तो पोटभर रडला.

दोन्ही पक्षांनी आपापला विजय साजरा केला. समितीला मुदतवाढ मिळाली. पंडुमाच्या दिवशी रुखमाने सारवलेल्या जागेवर देवापुढे पावती ठेवली आणि हात जोडले.

बंदी योग्य की अयोग्य, यावर एव्हाना तुमचंही मत पक्कं झालं असेल. दोन्ही बाजूंना अशा विचारी माणसांची गरजच आहे. चैतूच्या घरात आता खातात काय, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.